छापील डबा की कोरा खोका आणि स्टिकर?

जळगाव-धुळ्याकडे खेळण्याच्या डब्याचा भाव विचारला की प्रेसवाला कागद-छपाईचा सांगतो. चार रंगांच्या चार प्लेटा, कटिंगची डाय (डबा मापात कापायचा साचा), लॅमिनेशन, रंग जुळेपर्यंत वाया जाणारे ताव हे सगळं मागाहून बिलात येतं. प्लेट-डायचा खर्च ५०० डब्यांना तेवढाच, ५००० डब्यांनाही तेवढाच. म्हणून माणूस मोहाने जास्त छापतो, आणि पत्ता बदलला की गठ्ठे रद्दीत.

कोऱ्या खोक्यावर एमआरपी, नाव-पत्ता, महिना-वर्ष स्टिकरवर. बदललं की नवा रोल. पण चिकटवायची मजुरी कुणी धरत नाही, आणि भुसावळच्या मे महिन्यात हलक्या गोंदाचं स्टिकर कडेने उचलतं. खरा फटका मापाचा. कुरिअरवाले बहुधा लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५०००ने भागतात आणि आलेला आकडा किलोत वजन म्हणून धरतात. ८०० ग्रॅमची लाकडी बैलगाडी ३० बाय २० बाय २०च्या तयार कोऱ्या खोक्यात थेट २.४ किलोची होते! मापाचा छापील डबा इथे पैसे वाचवतो.

खेळण्यांना आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१पासून लागतंच, डबा छापील असो की कोरा. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे.

माझं मत? एकच खेळणं दोन हंगाम विक्रीत टिकेपर्यंत स्टिकर. डाय मात्र आधीच करून घ्या, कोरा डबाही मापातच कापता येतो.