ब्रेकमध्ये भलतेच तेल गेल्यानंतर: एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

ब्रेकच्या टाकीत चुकीचे तेल पडलेली गाडी एखादे गॅरेज कशी हाताळते, हे तिथला मेकॅनिक पाना उचलण्याआधी काय विचारतो यावरून बरेचसे कळते. आमच्या गाडीत लेव्हल कमी दिसली म्हणून वॉशिंग सेंटरमधल्या मदतनिसाने ब्रेक ऑइलऐवजी पॉवर स्टीअरिंगचे तेल ओतले होते. गाडी घरी आली, पण नंतर न्यूट्रलमध्ये ढकलली तरी हलेना, तेव्हा ती टो करून एका खासगी गॅरेजमध्ये पाठवली. तिथे पहिला प्रश्न आला तो असा की, तेल पडल्यानंतर पेडल दाबले होते का आणि गाडी किती चालवली. आमचे उत्तर ऐकल्यावर मेकॅनिकने नुसती टाकी धुऊन गाडी परत देण्यास साफ नकार दिला, आणि या गॅरेजविषयी माझे मत चांगले होण्याची सुरुवात तिथूनच झाली.

नकाराचे कारण त्याने नीट समजावून सांगितले. गाडी जागेवरच उभी असेल आणि पेडलला पाय लागलेला नसेल, तर चुकीचे तेल बहुतांशी टाकीतच राहते. अशा वेळी ते सिरिंजने उपसून, टाकी उतरवून धुतली की काम निभावण्याची शक्यता असते. पेडल दाबले गेले की मात्र ते मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडलच्या जोराने तेलावर दाब आणणाऱ्या भागातून, पुढे पाइपांत उतरते. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ या दर्जांची ब्रेक ऑइले ग्लायकॉल वर्गातली असून त्यांच्यासाठी वापरलेले रबर पॉवर स्टीअरिंगच्या तेलासारखे खनिज तेल सोसू शकत नाही, ते तेल शोषून फुगते. मास्टर सिलिंडरमध्ये तेल टाकीकडे परत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. फुगलेला रबरी वॉशर ते झाकून टाकतो, दाब सुटत नाही आणि ब्रेक धरूनच राहतात. आमची गाडी न हलण्याचे कारण हेच होते. फुगायला वेळ लागत असल्यामुळे सुरुवातीला ब्रेक अगदी नेहमीसारखे लागतात, आणि ‘लागतायत ना, मग चालवा’ असा सल्ला देणारे याच ठिकाणी फसतात.

तपासणीची पद्धतही मला आवडली. टाकीतले थोडे तेल काचेच्या ग्लासातील पाण्यात सोडले. ग्लायकॉलचे ऑइल पाण्यात मिसळून जाते. आमच्या ग्लासात वर तेलाचा तवंग राहिला. नंतर त्याने टाकीच्या झाकणातले रबर काढून दाखवले. त्याची कड लाटांसारखी वाकडीतिकडी झाली होती आणि ते झाकणाच्या खाचेत पुन्हा बसत नव्हते.

प्रत्यक्ष काम कसोशीने झाले. मास्टर सिलिंडर, मागची व्हील सिलिंडरे, रबरी होज आणि झाकण नवे बसवले, कॅलिपरचे (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर काढून आतली सील बदलली, आणि लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुऊन हवेने कोरडे केले. काढलेले सुटे भाग एका ट्रेमध्ये ठेवून, जुन्या सीलशेजारी नवे सील मांडून दाखवले. जुने सील नुसत्या डोळ्यांनाही जाड दिसत होते आणि नख रुतवले की त्यावर खळगा राहत होता. सगळी रबरे तशीच ठेवून केवळ ब्लीडिंग (पाइपांतली हवा आणि जुने तेल काढणे) करून देणारी गॅरेजे स्वस्तात पडतात हे खरे, पण त्या रबरांच्या भरवशावर घाट उतरायची माझी तयारी नाही.

पहिली तक्रार एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची आहे. एबीएसच्या हायड्रॉलिक युनिटच्या आतही रबरी सील असतात, ती सहसा सुटी मिळत नाहीत, आणि तिथपर्यंत खनिज तेल गेले असेल तर पूर्ण युनिटच बदलणे सुरक्षित ठरते. संपूर्ण दुरुस्तीतला सर्वांत महाग भाग हाच असतो, आणि या गॅरेजने तो विषय काढला तो गाडी पूर्ण उघडून झाल्यावर. युनिट बदलण्याचा निर्णय योग्यच होता, परंतु आधीच्या लेखी अंदाजपत्रकात त्याचा उल्लेख असायला हवा होता. सगळी चाके उतरलेल्या गाडीच्या मालकाला ‘नको’ म्हणण्याची सोय उरत नाही. नव्या युनिटमधली हवा काढण्यासाठी स्कॅनर जोडून त्याचा पंप आणि व्हॉल्व्ह चालवावे लागतात. ते साधन त्यांच्याकडे होते, ही जमेची बाजू.

भरलेले ऑइल झाकणावर छापल्याप्रमाणे डॉट ४ होते आणि सीलबंद बाटली माझ्यासमोर फोडली. हा आग्रह किरकोळ समजू नये, कारण हे ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेते. डॉट ४ चा कोरड्या अवस्थेतला किमान उत्कलनबिंदू २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा शोषल्यावरचा १५५ अंश धरला जातो. (सायकलवाल्यांसाठी जाता जाता: शिमानो कंपनीच्या हायड्रॉलिक ब्रेकला खनिज तेलच लागते, त्यात डॉटचे ऑइल घातले तर सीलची अशीच वाट लागते.)

दुसरी तक्रार फेंडरची, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याची. ब्रेक ऑइल रंग खाते हे ठाऊक असूनही त्यांनी फेंडरवर कव्हर टाकले नव्हते. सांडलेल्या थेंबांवर लगेच पाणी ओतले, तरी एका जागेची चमक गेलीच. बिलावरही सुट्या भागांची यादी न देता ‘ब्रेक काम’ एवढेच लिहिले होते. यादी मागितल्यावर मिळाली.

एवढे असूनही अशा कामासाठी मी हे गॅरेज सुचवीन, मात्र एबीएसचा अंदाज आधी लेखी घ्यावा. थोडे दिवस चालवून झाल्यावर त्यांनी गाडी पुन्हा बोलावली, चारही चाके उचलून हाताने फिरवली आणि झाकणाचे रबर पुन्हा पाहिले. मागचे एक चाक किंचित जड फिरत होते. ते हँडब्रेकच्या केबलमुळे निघाले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.