रात्री दीडचं 'गुड मॉर्निंग'

हॉलिवूडच्या १९५२ सालच्या 'सिंगिंग इन द रेन' या संगीतिकेची ४के डिस्क मी एका गाण्यासाठी घेतली. ते पावसातलं गाणं नव्हे. ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या वाट्याला कौतुकही भरपूर आलंय. मला हवं होतं त्याच्या जरा आधी येणारं 'गुड मॉर्निंग'. तिघं जण, एक घर, काही रेनकोट आणि एक बिचारा सोफा. सिनेमा १०३ मिनिटांचा आहे, पण पहिल्या रात्री मी हे एकच गाणं मागेपुढे करत बघत बसले.

मी कथक शिकवते. टॅप म्हणजे बुटांना पत्रा लावून पायांनी ताल वाजवायचा नाच. त्यातलं मला शास्त्र म्हणून काही कळत नाही, पण पाय कळतात. आमच्या बाई सांगायच्या, "चेहऱ्याकडे बघू नकोस गं, चेहरा खोटं बोलतो. घोटा बघ." त्या सवयीने हा रिव्ह्यू लिहितेय, हे आधीच सांगून टाकते.

प्रसंग असा. बोलपट नुकते आलेत. मूकपटांचा हीरो डॉन लॉकवुड याचा पहिला बोलपट प्रेक्षकांनी हसून हसून उडवलाय. करिअर संपलं असं धरून तो घरी बसलाय, सोबत मित्र कॉस्मो आणि प्रेयसी कॅथी. बोलता बोलता कल्पना निघते, पडलेल्या सिनेमाचं संगीतिकेत रूपांतर करू या. तेवढ्यात लक्षात येतं की दीड वाजलाय, म्हणजे सकाळच झाली की! झालं, गाणं सुरू. अजून काहीही हाती लागलेलं नाही. सिनेमा पडलेलाच आहे, बाहेर पाऊस पडतोय. जिंकल्यावर नाचणारी गाणी ढिगाने सापडतात. नुसती एक कल्पना सुचली म्हणून घर डोक्यावर घेणारी माणसं मला जास्त जवळची वाटतात.

गाणं या सिनेमासाठी लिहिलेलं नाही. नासिओ हर्ब ब्राउनची चाल आणि आर्थर फ्रीडचे शब्द १९३९ च्या 'बेब्स इन आर्म्स'मधले. तिथे ते मिकी रूनी आणि जूडी गारलंड गातात. पुढे फ्रीड एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत संगीतिकांचा मोठा निर्माता झाला आणि आपल्याच जुन्या गाण्यांभोवती एक सिनेमा रचायला त्याने बेटी कॉम्डेन आणि अडॉल्फ ग्रीन या पटकथाकारांना बसवलं. स्वतःची जुनी गाणी स्वतःच्याच सिनेमात खपवायची! असल्या कारभारातून इतकं चांगलं काही निघावं याचं मला अजून नवल वाटतं. रूनी-गारलंडची आवृत्ती गोड आहे, जूडीचा आवाज तर काय बोलावं. पण गाणं जिवंत होतं ते १९५२ मध्येच, कारण इथे ते गळ्यातून पायात उतरलंय.

आता पाय. डॉन झालेला जीन केली चाळिशीला टेकलेला. कॉस्मो झालेला डोनाल्ड ओकॉनर व्हॉडव्हिल, म्हणजे नाच-गाणी-विनोदाचे रंगमंचीय खेळ करणाऱ्या घरातला, म्हणजे चालायला आणि नाचायला बहुधा एकदमच लागलेला. आणि मध्ये कॅथी झालेली १९ वर्षांची डेबी रेनल्ड्स, जिम्नॅस्टिक्स केलेली, नर्तिका नसलेली. तिला काही महिन्यांत तयार करून या दोघांच्या मध्ये उभं केलंय. माझ्या वर्गात अशी मुलगी आली तर मी तिला मागच्या ओळीत ठेवीन. केलीने तिला मधोमध ठेवलं. आधी मला ही क्रूर चेष्टा वाटली. चार वेळा बघितल्यावर कळलं, हिशेब पक्का आहे. दोन्ही बाजूंनी लय सांभाळणारे उभे असले की मधलीला त्या लयीत वाहत जाता येतं. तरी एखाद्या वळणावर तिचं वजन पायावर केसभर उशिरा येतं, मग ती हनुवटी वर करते आणि पुढची मात्रा अक्षरशः झडप घालून पकडते. मला ती जागा फार आवडते. बाकीचे दोघे नाचतायत, ही लढतेय.

लढाई खरीच होती. या गाण्याचं चित्रीकरण सकाळी ८ पासून रात्री ११ पर्यंत चाललं आणि शेवटी डेबीच्या पायातल्या रक्तवाहिन्या फुटल्या. केली तिच्याशी फार कडक वागायचा. एकदा ती पियानोखाली बसून रडत असताना नामवंत नर्तक-नट फ्रेड अस्टेअरने तिला पाहिलं आणि धीर दिला, हे तिने स्वतःच पुढे सांगितलंय. बाळंतपण आणि हा सिनेमा, आयुष्यात सगळ्यात अवघड या दोनच गोष्टी होत्या, असंही ती म्हणायची. आम्हीही गुरूंच्या नावाखाली बरंच सोसलंय, पण म्हणून मी केलीला माफ करणार नाही. गाणं आवडतं आणि हेही खुपतं, दोन्ही एकदम.

दिग्दर्शन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचं. माझ्या दृष्टीने त्यांचं सगळ्यात मोठं पुण्य म्हणजे कॅमेरा पाय कापत नाही. तिघं डोक्यापासून बुटापर्यंत चौकटीत राहतात, आणि एकेक शॉट भरपूर वेळ टिकतो. हल्ली नाच म्हणजे खांदा, कंबर, केस, पुन्हा खांदा! इथे चुकलात तर लपायला जागा नाही. चौकट जुन्या मापाची, जवळजवळ चौकोनी असल्याने टीव्हीच्या दोन्ही कडांना काळे पट्टे दिसतील, ती डिस्कमधली खोट समजू नका.

मधला रेनकोटांचा तुकडा मात्र मला थोडा लांबलेला वाटतो. तिघं कोट जोडीदारासारखे नाचवतात, निरनिराळ्या नाचांच्या नकला करतात. हुला या हवाई बेटांवरच्या नाचाच्या नकलेत गंमत आहे, पण लय तेवढ्यापुरती सैलावते. ओकॉनर मात्र तिथेही कोटाच्या बाहीशी असा काही बोलतो की त्याच्यावरून नजर हटत नाही. मग सोफ्याकडे धाव, सोफा मागे उलटा आणि तिघं हसत कोसळतात. ही आमची तिहाईच आहे हो, एकच बोल तीनदा घेऊन संपवणं! समेवर येऊन पडणंच. सगळं पाठ असूनही दर वेळी मला वाटतं, आता कुणीतरी दात पाडून घेणार.

४के डिस्क २०२२ मध्ये, सिनेमाला ७० वर्षं झाली तेव्हा निघाली. मूळ निगेटिव्ह आगीत जळालेली, त्यामुळे वाचलेल्या साहित्यावरून काम केलेलं. हे माहीत असून चित्र बघितलं की कारागिरांना हात जोडावेसे वाटतात. टेक्निकलर या जुन्या रंगीत फिल्मपद्धतीचे रंग भडक होतील अशी भीती होती, तसं झालेलं नाही. डेबीचा निळा पोशाख निळाच राहतो, चेहरे मेणाचे होत नाहीत आणि फिल्मचा मूळ रवाळ दाणा शिल्लक आहे. माझ्या जुन्या डीव्हीडीवर बुटांची टोकं जलद हालचालीत पुसट व्हायची. आता टाच आणि चवडा वेगवेगळे दिसतात, आणि टॅपमध्ये सगळा खेळ त्या दोघांतल्या सवाल-जबाबाचाच. आमच्याकडे पूर्ण तळवा पडतो, ह्यांच्याकडे तळव्याचे दोन तुकडे एकमेकांशी भांडतात.

आवाज स्वच्छ आहे. पण पत्र्याचे बूट इतके नेमके, इतके एकसारखे वाजतात की कथकवाल्या कानाला शंका यावी. शंका बरोबर आहे. टॅपचे आवाज नंतर वेगळे ध्वनिमुद्रित करायची तेव्हा पद्धतच होती, आणि डेबीच्या पायांचे आवाजही केलीनेच वाजवले असं सांगतात. म्हणजे घुंगरू एकीच्या पायात, बोल दुसऱ्याच्या. कथेत डॉनची नायिका असलेल्या नटीचा, लीना लमाँटचा आवाज बोलपटाला चालत नाही, म्हणून कॅथी पडद्याआडून तिला आवाज देते. पण 'वुड यू' या गाण्यात खुद्द डेबीच्या जागी बेटी नॉइस गायलीय, आणि नटीच्या संवादांना कॅथी आवाज देते त्या दृश्यात ऐकू येतो नटी झालेल्या जीन हेगनचाच आवाज! पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याचा धक्का बसायचं कारण नाही, मी तर खो खो हसले.

डिस्कवर कॉमेंटरी ट्रॅक आहे, त्यात डेबी, ओकॉनर, डोनन असे बरेच जण भेटतात. तक्रार एकच. पूर्वीच्या दोन डिस्कच्या डीव्हीडीत फ्रीडच्या एमजीएममधल्या कामावर एक मोठा माहितीपट होता, तो या ४के डिस्कवर मला सापडला नाही. जुना संच असेल तर विकू नका. आणि ४केचा टीव्ही घरात नसेल, तर साध्या ब्लू-रेवरही हे गाणं पोटभर बघता येतं, उगीच खर्च करू नका.

माझ्या वर्गातल्या मुलींना परवा हे गाणं आवाज बंद करून दाखवलं आणि मात्रा मोजायला लावल्या. सोफा उलटला तिथे सगळ्यांचं मोजणं सुटलं.