शेअरपॉइंट फ्रेमवर्क: बऱ्याच महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

शेअरपॉइंट ऑनलाइनच्या (मायक्रोसॉफ्टची कार्यालयीन संकेतस्थळांची सेवा) साइटला हवं ते रूप द्यायचं तर आता मुख्य रस्ता एकच उरला आहे: शेअरपॉइंट फ्रेमवर्क, म्हणजे एसपीएफएक्स. त्यात लिहून पानावर बसवायचा तुकडा म्हणजे वेबपार्ट. मास्टर पेज, जेएसलिंक, स्क्रिप्ट एडिटर हे जुने मार्ग क्लासिक, म्हणजे जुन्या धाटणीच्या पानांपुरते राहिले. ‘कस्टम स्क्रिप्ट’ची परवानगी पॉवरशेलमधून उघडता येते, पण हल्ली ती २४ तासांत आपोआप बंद होते, म्हणजे त्यावर काही उभारण्यात अर्थ नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत आलेलं हे फ्रेमवर्क आता चांगलं मुरलं आहे आणि कामाला पक्कं आहे. त्रास होतो तो आवृत्त्यांचा मेळ बसवताना, आणि तिथे वेळ किती जातो याची नवख्याला कल्पना नसते.

सुरुवात नोडपासून (बिल्ड ज्यावर चालतो ते जावास्क्रिप्टचं साधन) होते. एसपीएफएक्स १.१५ नोड १६ वर चालतं, १.२० ला १८ लागतो, १.२१ ला २२. एकाच मशीनवर तीन ग्राहकांचे तीन प्रकल्प असतील तर एनव्हीएम (नोडच्या आवृत्त्या बदलण्याचं साधन) टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये नोडची आवृत्ती लिहिलेली फाइल ठेवावी. जुन्या १.४.१ च्या प्रकल्पात नोड १२ किंवा पुढचा वापरला की गल्प ३ (बिल्डची कामं चालवणारं साधन) ‘प्रायमॉर्डियल्स इज नॉट डिफाइन्ड’ म्हणून पडतं. त्या वेळी नोड-मॉड्यूल्स (पॅकेजचं फोल्डर) पुसून पुन्हा इन्स्टॉल करत बसण्यात हशील नाही, दोष नोडच्या आवृत्तीचा असतो. १.२२ पासून नव्या प्रकल्पात गल्पच्या जागी हेफ्ट आलं. त्यामुळे गल्पफाइलमध्ये स्वतःची टास्क लिहून ठेवली असतील, तर अपग्रेडच्या वेळी ती हातानेच हलवावी लागतात.

दुसरा मेळ रिअ‍ॅक्टचा, म्हणजे पडदा रंगवणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचा, आणि जुन्या जेक्वेरीवाल्यांची रिअ‍ॅक्ट नव्याने शिकताना नेमकी इथेच गडबड होते. रिअ‍ॅक्टची आजची अधिकृत शिकवणी १८ आणि १९ गृहीत धरते. एसपीएफएक्स १.१६ पासून मात्र रिअ‍ॅक्ट १७.०.१ वर अडकलेलं आहे, आणि तेही अचूक तीच आवृत्ती. पॅकेज डॉट जेसनमध्ये आकड्यापुढे कॅरेट चिन्ह राहिलं की एनपीएम (पॅकेज आणणारं साधन) १७.०.२ आणतं. कधी सगळं सुरळीत चालतं, कधी टाइप्स जुळत नाहीत. ‘सेव्ह-एक्झॅक्ट’ लावून टाकावं. यूज-आयडी, यूज-ट्रान्झिशन हे हुक (कंपोनंटला जादा क्षमता देणारी फंक्शन्स) १८ मधले, म्हणून इथे मिळत नाहीत. अवेटनंतर लागोपाठ दोन सेट-स्टेट केले तर १८ ते एकत्र करतं. १७ दोनदा रेंडर करतं, आणि मधल्या रेंडरमध्ये ‘लोडिंग’ संपलेलं पण यादी रिकामी अशी अवस्था क्षणभर दिसते. उपाय सोपा आहे: दोन्ही गोष्टी एकाच स्टेट ऑब्जेक्टमध्ये ठेवाव्यात.

एखादी चार्ट किंवा ग्रिड लायब्ररी ‘पिअर डिपेंडन्सी रिअ‍ॅक्ट १८’ मागत असेल तर एनपीएम ईरिझॉल्व्ह (आवृत्त्या जुळत नाहीत) म्हणून थांबतं. लेगसी-पिअर-डेप्सचा झेंडा लावला की इन्स्टॉल होतं खरं, पण मग चूक बिल्डऐवजी वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये दिसते. त्या लायब्ररीची एक पिढी मागची आवृत्ती घेणं केव्हाही बरं.

स्वतःच्या सर्व्हरवर शेअरपॉइंट २०१९ असेल तर कमाल १.४.१, सबस्क्रिप्शन एडिशनवर १.५.१. दोन्हीकडे रिअ‍ॅक्ट १५, म्हणजे हुक मुळातच नाहीत, ते १६.८ मध्ये आले. क्लास कंपोनंट ‘जुनं झालं’ म्हणून न शिकता पुढे गेलेल्यांना इथे मागे यावंच लागतं.

पीएनपीजेएसबद्दल (शेअरपॉइंटच्या याद्या कोडमधून वाचायची लायब्ररी) तक्रार कमी, सूचना दोनच. दुसऱ्या आवृत्तीपासून इम्पोर्ट तुकड्यातुकड्यांनी करायचे असतात. वेब, लिस्ट आणि आयटम हे तिन्ही वेगळे. आयटमचा इम्पोर्ट विसरला तर टाइपस्क्रिप्ट कुरकुरतं, आणि तिकडे काणाडोळा केला तर चालताना ‘अनडिफाइन्ड’ मिळतं. शिवाय चौथ्या आवृत्तीत गेट-ऑल नाही. मोठी यादी असिंक इटरेटरने पानापानाने वाचायची. एका क्वेरीची ५,००० ओळींची मर्यादा त्यानेही सुटत नाही. ज्या कॉलमवर फिल्टर लावायचा त्याचा इंडेक्स यादी लहान असतानाच करून ठेवावा, आणि फिल्टरमधली पहिली अट अशी हवी की तिच्यातूनच ५,००० पेक्षा कमी ओळी निघतील.

मराठी कार्यालयांच्या साइटवर सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट कॉलमच्या नावांची. कॉलम तयार करताना थेट देवनागरीत नाव दिलं की शेअरपॉइंट आतलं नाव स्वतः बनवतं. प्रत्येक अक्षराच्या जागी अंडरस्कोर, एक्स, चार स्थानांचा युनिकोड क्रमांक आणि पुन्हा अंडरस्कोर. एका चिन्हाला सात जागा, आणि काना-मात्रा-उकार वेगळे मोजले जातात. आतल्या नावाची मर्यादा ३२. म्हणजे पूर्ण बसतात ती फक्त चार चिन्हं. ‘मुदत’ बरोबर २८ मध्ये मावतो. ‘मुदतवाढ’ आणि ‘मुदतपूर्व’ हे दोन कॉलम एकाच यादीत केले की दोघांची नावं ३२ वर कापली जातात आणि हुबेहूब सारखी होतात. मग शेअरपॉइंट दुसऱ्याच्या शेवटी आकडा चिकटवतं. कोणता कॉलम आधी तयार झाला यावर ते अवलंबून, म्हणून चाचणीच्या साइटवर चाललेला कोड प्रत्यक्ष साइटवर दुसराच कॉलम वाचतो, आणि तेही कुठलीही एरर न देता. भरीला, नाव अंडरस्कोरने सुरू होत असल्यामुळे रेस्ट (वेबवरून माहिती मागवण्याची पद्धत) क्वेरीत त्याच्यापुढे ‘ओडेटा’ आणि आणखी एक अंडरस्कोर लावावा लागतो. कॉलम आधी रोमन लिपीत, जागा न सोडता तयार करावा, सेव्ह करावा आणि मग दिसणारं नाव मराठीत बदलावं. आतलं नाव पुन्हा बदलत नाही, त्यामुळे कोड सुरक्षित राहतो. यादी एक्सेलमधून आयात केली की ही काळजी घ्यायची संधीच मिळत नाही. आधी यादी बांधावी, मग माहिती भरावी.

तारखांचं असंच. फक्त-तारीख कॉलम साइटच्या टाइमझोनमधली मध्यरात्र धरून साठवला जातो आणि रेस्टमधून यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) येतो. भारतीय वेळेच्या साइटवर १५ ऑगस्ट हा १४ ऑगस्ट १८:३० झेड असा मिळतो. स्ट्रिंगचा ‘टी’ पर्यंतचा भाग कापून दाखवणारा कोड एक दिवस मागे जातो. साइटचा टाइमझोन अमेरिकी पॅसिफिक राहिलेला असेल तर हीच मध्यरात्र भारतीय वेळेनुसार दुपारी येते. कोड लिहिण्याआधी रीजनल सेटिंग्ज पाहाव्यात.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी वेबपार्ट लिहायची गरज नसते, हे काही महिने गेल्यावरच पटतं. मुदत उलटलेल्या ओळी लाल करायच्या तर कॉलम फॉरमॅटिंगचा वीस ओळींचा जेसन पुरतो. बिल्ड नाही, अ‍ॅप कॅटलॉग (पॅकेज चढवायची जागा) नाही, प्रशासकाची मंजुरी नाही. तारखांचा हिशेब मिलिसेकंदांत: तीन दिवस म्हणजे २५,९२,००,०००. रिकामी तारीख शून्य धरली जाते आणि ‘आजपेक्षा कमी’ या अटीत बसते, म्हणून तारीख न भरलेल्या सगळ्या ओळी लाल होतात. कॉलमची किंमत नंबरमध्ये बदलून ती शून्य आहे का, हे सर्वात आधी तपासायचं.

पॅकेज चढवतानाची नेहमीची चूक म्हणजे गल्पने बंडल करताना ‘शिप’ (अंतिम बिल्डची खूण) विसरणं. पॅकेज तयार होतं, अ‍ॅप कॅटलॉगमध्ये चढतं, आणि तुमच्या मशीनवर वेबपार्ट झकास चालतो, कारण तो लोकलहोस्ट ४३२१ वरून फाइल घेत असतो. बाकी सगळ्यांना एरर. ‘सगळ्या साइट्सना उपलब्ध’ हा पर्याय निवडला तर पॅकेजमधल्या फीचरने याद्या तयार होत नाहीत. त्या पीएनपी पॉवरशेलने वेगळ्या कराव्या लागतात.

हेडर-फूटरसाठी अ‍ॅप्लिकेशन कस्टमायझर (प्रत्येक पानावर चालणारा एसपीएफएक्स कोड) उत्तम आहे. फक्त मॉडर्न साइटमध्ये एका पानावरून दुसऱ्यावर जाताना अख्खं पान नव्याने लोड होत नाही, म्हणून ‘ऑन-इनिट’मध्ये घातलेला मजकूर जुन्याच पानाचा राहतो. नॅव्हिगेटेड-इव्हेंटला ऐकायचं आणि ‘ऑन-डिस्पोज’मध्ये तो श्रोता काढायचा. शेअरपॉइंटच्या स्वतःच्या सीएसएस क्लासना हात लावून दिसणं बदलण्याच्या फंदात पडू नये. ते क्लास कधीही बदलतात, आणि आधी कुणी सांगत नाही.

एका बाबतीत मात्र फ्रेमवर्कवर नापसंती नोंदवावीशी वाटते. ग्राफची (मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली मेल-फाइलसारखी माहिती देणारी सेवा) परवानगी एका वेबपार्टने मागितली आणि प्रशासकाने मंजूर केली की ती अख्ख्या टेनंटमधल्या (संस्थेच्या खात्यातल्या) सगळ्या एसपीएफएक्स कोडला मिळते, त्या एकाच वेबपार्टपुरती राहत नाही. ‘मेल वाचणे’ असली व्यापक परवानगी मागणारं बाहेरचं पॅकेज कितीही देखणं असलं तरी दोनदा विचार करावा. पर्याय म्हणून आयसोलेटेड (परवानगी स्वतःपुरती ठेवणारे) वेबपार्ट होते, पण नव्या कामाला ते घेण्यासारखे नाहीत. संवेदनशील काम अझ्युअर फंक्शनमागे (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडमागे) ठेवलेलं बरं.

अपग्रेडसाठी सीएलआय फॉर मायक्रोसॉफ्ट ३६५ मधली ‘प्रोजेक्ट अपग्रेड’ ही आज्ञा वापरा. ती काहीच बदलत नाही, कोणत्या फाइलमध्ये काय बदलायचं त्याचा मार्कडाउन अहवाल देते. एका उडीत चार आवृत्त्या ओलांडण्यापेक्षा रिअ‍ॅक्ट किंवा नोड जिथे बदलतो तिथे थांबून बिल्ड करून पाहावं, आणि प्रत्येक थांब्यावर लॉक फाइल गिटमध्ये टाकावी.