कंझ्युमर कमिशन की मेडिकल कौन्सिल?
रामबागेतल्या काकूंनी लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं नि टाचेमागचा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटला, आता विचारतायत तक्रार कुठे करू.

कमिशन इथे इंदूरातच, 5 लाखांपर्यंतच्या बिलाला फी नाही, पण 2 वर्षांच्या आत केस टाका. कौन्सिल भोपाळला, तिथे भरपाई शून्य, फार तर डॉक्टरचं नाव रजिस्टरमधून काढतील.

खरी मेख पुराव्याची, दोन्हीकडे. साइड इफेक्ट झाला म्हणजे डॉक्टर चुकलाच असं नसतं, अमेरिकेत तर या औषधावर टेंडनची ठळक वॉर्निंग 2008 पासून आहे, मुद्दा हा की साठी उलटलेली, स्टेरॉइड चालू, दोन्हींनी धोका वाढतो, तरी हेच का दिलं आणि धोका सांगितला का. प्रिस्क्रिप्शन, बिल, रिकामी स्ट्रिपसुद्धा जपा, आणि ‘पक्की केस’ म्हणणाऱ्या वकिलाला लांबूनच नमस्कार.

फिजिओचा खर्च काढायचाय तर कमिशन, डॉक्टरला जाब विचारायचाय तर कौन्सिल.