लोहचुंबक चिकटलं नाही म्हणून पितळ समजू नका

पुढच्या दाराला पितळी मुठी बसवायच्या म्हणून मी १६,५०० रुपये मोजले आणि मिळालं काय, तर पिवळा मुलामा दिलेलं जस्त. वर घरची खरी पितळी मूठ गेली ती वेगळीच. सुताराची मजुरी, दाराची दुरुस्ती, धातूची तपासणी आणि सासूबाईंच्या मोडलेल्या मनगटाचा खर्च धरून एकूण २६,४३० रुपयांना खड्डा पडला आहे. चारचौघांत हे सांगायची लाज वाटते. पण जुनी घरं नीट करून घेणारे सध्या बरेच आहेत आणि असले फसवे विक्रेते अशाच घरांच्या मागावर असतात, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर सातारा भागातलं. पुढचं दार दोन झडपांचं, सागवानी, वर गणेशपट्टी. आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. दोन्ही झडपांवर एकेक गोल पितळी मूठ होती, न फिरणारी, दार फक्त ओढून घ्यायला. त्यातली डावी फार पूर्वीच हरवली. उजवी शाबूत होती, माझ्या आजेसासऱ्यांच्या काळातली. ती एकदा कासाराच्या तराजूत घातली होती तेव्हा १ किलो १२० ग्रॅम भरली होती. तशीच दुसरी करून जोडी पूर्ण करायची, एवढंच डोक्यात होतं.

"फिरणारी लॅचवाली मूठ घेतली असती तर चांगल्या कंपनीची मिळाली असती," असं आता सगळे शिकवतात. त्यांना सांगते, स्थिर मुठीचा निर्णय बरोबरच होता. फिरणाऱ्या मुठीची यंत्रणा बसवायला झडपेची कडेची उभी पट्टी आतून पोखरावी लागते. आमची पट्टी अरुंद आणि वर वेलबुट्टी. स्थिर मुठीला एक आरपार भोक पुरतं, मागून बोल्ट, वॉशर आणि नट. कुलपाची सोय वेगळी असतेच. पण यंत्रणा नसल्यामुळे ओढण्याचा सगळा ताण मुठीच्या मानेवर आणि बोल्टच्या आट्यांवर येतो. पावसाळ्यात जुनं दार चौकटीत आवळतं, तेव्हा माणूस अंगाचा भार टाकून ओढतो. म्हणून इथे धातू महत्त्वाचा. शोभेचा प्रश्न नंतरचा.

ओळखीतल्या ठेकेदाराने या विक्रेत्याचा नंबर दिला. घरी आला, ताई-ताई करत बसला. पिशवीतून नमुन्याच्या मुठी काढल्या. "मुरादाबादचा माल आहे ताई, भरीव पितळ." मग खिशातून लोहचुंबक काढलं, मुठीला लावलं, चिकटलं नाही. "बघा, लोखंड असतं तर धरलं असतं." नमुना उलटा करून मागे कानस मारली, आतून पिवळाधमक धातू दिसला. आता मला सांगा, यापुढे सामान्य माणसाने काय तपासायचं?

हेच नीट वाचा. लोहचुंबक लोखंडासारखे मोजकेच धातू पकडतं. जस्ताला ते चिकटत नाही, ॲल्युमिनियमला चिकटत नाही, पितळालाही चिकटत नाही. बाजारात 'व्हाइट मेटल' म्हणतात तो जस्ताचा मिश्रधातू ओतून, त्यावर पिवळा मुलामा चढवून ज्या मुठी विकतात, त्या या परीक्षेत दर वेळी पास होतात. लोहचुंबक खिशात घेऊन फिरणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. आणि नमुन्यावर कानस मारून दाखवली तरी तो फक्त नमुना असतो. कानस मारायची ती तुम्हाला मिळालेल्या वस्तूवर, पाठीमागून, पैसे द्यायच्या आधी.

आमची जुनी मूठ तो 'मापाला' घेऊन गेला. त्याची ना पावती दिली ना फोटो काढला. नंतर फोन आला, "जुन्याचा साचा जुळत नाही ताई, दोन्ही नव्याच घ्या, जोडी शोभून दिसेल, जुनी परत आणून देतो." हिशोब असा लावला: मुठी चकतीसकट ७,२०० रुपयांना एक, म्हणजे दोन्हींचे १४,४००. अँटिक पॉलिश १,५००. वाहतूक ६००. यातले ९,००० मी यूपीआयने आगाऊ पाठवले.

आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री झोप उडते. माल आला त्या दिवशी सुतार सकाळपासून कामाला लागलेला, भोकं पाडून तयार. दोन दिवसांवर वास्तुशांत. मी एक मूठ हातात घेतली. जुनी मूठ उचलली की मनगट खाली जायचं. ही सहज वर आली. मी तिथल्या तिथे बोलले, "हलकी वाटते." तो म्हणाला, "नव्या पोकळ येतात ताई, दारावर भार नको म्हणून." भरीव सांगून दर लावणारा हाच माणूस! मी स्वयंपाकघरातला वजनकाटा मागवला. तेवढ्यात तो म्हणाला, "हा नगावरचा माल आहे, वजनावरचा नाही," आणि सुताराला, "लाव रे, प्लास्टिक नंतर काढ, पॉलिश अजून ओलं आहे."

नगावरचा माल! आपल्याकडे पितळ पिढ्यान् पिढ्या वजनावर विकलं जातं. हंडा असो, समई असो, कासार आधी तराजूत घालतो आणि मग भाव बोलतो. पितळाचा माणूस तराजूला घाबरत नाही. त्याला एवढंच विचारायला हवं होतं की उद्या मोडीत परत घेणार का, आणि किलोला काय भावाने. खरा विक्रेता आकडा सांगतो, बाकीचे विषय बदलतात. तुम्ही हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारा.

"तेव्हाच का नाही थांबवलंस?" हे मी घरात, नात्यात, शेजारी सगळीकडे ऐकलं आहे. सुतार थांबलेला, दाराला भोकं पडलेली, पाहुणे यायला लागलेले, ९,००० त्याच्याकडे गेलेले, माझी जुनी मूठसुद्धा त्याच्याचकडे. अशा वेळी अडवून धरणार कसं? त्याने माल आणायची वेळ मुद्दाम तशी साधली होती, हे आता दिसतं. उरलेले ७,५०० त्याने रोख मागितले आणि हातात कच्चा कागद ठेवला. जीएसटी नंबर नाही, पत्ता अर्धवट आणि मजकूर 'ब्रास फिनिश नॉब २ नग'. म्हणजे कागदावर पितळ कुठेच नाही, फक्त पितळेचा रंग.

पावसाळा लागला आणि चकतीच्या कडेला बारीक फोड आले. मला वाटलं, दमट हवेने काळवंडलं असेल. चिंच-मीठ घेऊन घासायला बसले. खरं पितळ चिंच लागली की उजळत जातं. इथे पिवळा थर पापुद्र्यासारखा सुटून फडक्याला आला. खाली आधी तांबूस पट्टा दिसला आणि आणखी घासल्यावर नुसता करडा, निस्तेज धातू. त्याला फोन केला तर म्हणतो, "चिंच लावलीत? मग गॅरंटी गेली." पितळाला चिंच लावली म्हणून गॅरंटी जाते, हे कुठल्या मराठी घरात सांगून पटेल?

पैसे परत दे म्हणून मागे लागले होते, तेवढ्यात एका संध्याकाळी सासूबाईंनी आवळलेलं दार ओढलं आणि मूठ मानेतून तुटून त्यांच्या हातात आली. त्या मागे पायरीवर पडल्या. मनगटाला प्लास्टर, खर्च ४,७५०. त्यानंतर त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

तुटलेला भाग बघितला तर आत खडबडीत करडा दाणा, पिवळेपणाचा मागमूस नाही. तुटक्या मानेचा तुकडा काट्यावर ठेवला, १६० ग्रॅम. खुणा असलेल्या मापाच्या नळीत पाणी घेऊन त्यात बुडवला, पाणी २४ मिलीलीटरने चढलं. म्हणजे घनता साधारण ६.७. पितळाची साडेआठच्या आसपास असते, १६० ग्रॅम पितळाने जेमतेम १९ मिलीलीटर पाणी हललं असतं. ही परीक्षा घरात कुणालाही जमते, फक्त आतून बंद पोकळ वस्तूवर करू नका, आतल्या हवेमुळे आकडा चुकतो. तरीही कुणी "घरगुती प्रयोग" म्हणायला नको म्हणून १,१८० रुपये भरून प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो तपासणी केली. अहवालात जवळजवळ सगळं जस्त, चारेक टक्के ॲल्युमिनियम, तांबं नावापुरतं.

पोकळ मूठ म्हणजे खोटी, असं मात्र समजू नका. पितळी पत्र्याच्या पोकळ मुठीही प्रामाणिकपणे विकल्या जातात आणि टिकतात. मान भरीव हवी आणि बोल्ट आरपार हवा. आमच्या मुठीत आटे थेट जस्तात पाडलेले होते, लोखंडी बोल्टने ते केव्हाच खाऊन टाकले होते. नुसत्या लाकडी स्क्रूवर बसणारी मूठ जड दाराला घेऊच नका.

आता सरकारी यंत्रणेबद्दल. एवढे सगळे कागद घेऊन मी पोलीस चौकीत गेले. हवालदारांनी मूठ हातात फिरवली, हसले, "मॅडम, दाराच्या मुठीसाठी गुन्हा नोंदवायचा? ही दिवाणी बाब आहे." मी म्हटलं, माझी जुनी मूठ नेली आणि परत दिली नाही, हा विश्वासघात नाही का? त्याचा व्हॉइस नोट ऐकवला, "जुनी मूठ कारखान्यात आहे, पुढच्या खेपेला आणतो." त्यांचं उत्तर, "तुम्हीच दिलीत ना हाताने?" फसवणूक म्हणजे दुसरं काय असतं? हाताने दिलं जातं म्हणूनच तर ती फसवणूक, हिसकावलं असतं तर चोरी झाली असती! भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठी आहे, ३१६ विश्वासघातासाठी. मी कलमं सांगितली तर म्हणे, "वकील आहात का?" अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला तयार नाहीत. पोच मिळेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही. तुम्हीही सोडू नका.

बँकेत सांगितलं, यूपीआयचे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आमचा संबंध नाही. आणखी एका सरकारी कार्यालयात गेले तर तिथले साहेब म्हणाले, "वजनात मारलं असतं तर बघितलं असतं. धातू कुठला, ते आमच्याकडे येत नाही." म्हणजे नगावर विकलं की तो सुटला! सोन्याला २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने आली, पितळाच्या गिऱ्हाइकाला कुणी वाली नाही. प्रत्येक टेबलावर मला पुढचं टेबल दाखवलं गेलं आणि प्रत्येकाच्या बोलण्यात एकच सूर, एवढ्याशा रकमेसाठी कशाला दगदग करता. माझ्या घरातल्या वयस्कर बाईचं हाड मोडलं आहे. रक्कम एवढीशी की तेवढीशी, हे ठरवायचा अधिकार यांना कुणी दिला?

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे तक्रार नोंदवा, क्रमांक जपून ठेवा, पण ती मध्यस्थी करते, पैसे परत द्यायचा आदेश देऊ शकत नाही. ज्याचा पत्ताच अर्धवट, त्याच्याशी मध्यस्थी कोण करणार? आदेश हवा असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आणि पक्कं बिल न देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. हे मला चौकीत किंवा त्या कार्यालयात एकानेही सांगितलं नाही, स्वतः वाचून काढावं लागलं. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मात्र लागतो, नाहीतर नोटीस पोचत नाही. म्हणून पहिला पैसा द्यायच्या आधी दुकानाच्या पाटीचा फोटो, जीएसटी नंबर आणि बिलावर 'भरीव पितळ, वजन इतके ग्रॅम' हे शब्द लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर उठा.

माझी तक्रार दाखल आहे, तारीख पडली आहे. तुटकी मूठ, तो तुकडा, मुलाम्याचे पापुद्रे लागलेलं फडकं, सगळं पिशवीत घालून तारीख लिहून ठेवलं आहे. चुकीच्या मापाची भोकं सागाच्या खुंट्या मारून बुजवायला २,२०० गेले.

पैसे मिळतील किंवा नाही मिळणार, पण ती जुनी मूठ मला हवी आहे. जुन्या पितळी वस्तूंच्या बाजारात फिरणाऱ्यांनी लक्ष ठेवा: अडीच इंची गोल मूठ, भरीव, मानेला तीन वळ्या, मधल्या वळीवर पोचा पडलेला, आणि मागे बोल्टच्या भोकाशेजारी कानशीने काढलेली फुली. अशी मूठ कुणी विकायला आणली तर तिचा फोटो काढा आणि विकणाऱ्याचं नाव लिहून घ्या.