तक्ता की अक्षरगट?

मुलाला वाचायला शिकवताना आधी सगळ्या मुळाक्षरांचा तक्ता घ्यावा, की थोडी थोडी अक्षरं गटागटानं शिकवावीत? पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात मुळाक्षरांचे तक्ते हमखास मिळतात. 'अ अननसाचा' म्हणत क्रम पाठ होतो, पुढे शब्दकोश बघताना तो कामीही येतो. पण ग दाखवला की बरीच मुलं थेट 'गणपती' म्हणतात. चित्र लक्षात राहतं, आवाज निसटतो. त्यात ण आणि ळ मराठी शब्दाच्या सुरुवातीला येतच नाहीत. म्हणून 'ण बाणाचा', 'ळ बाळाचा'. म्हणजे शब्दाच्या शेवटचा आवाज चार वर्षांच्या मुलानं वेगळा काढायचा!

अक्षरगटांच्या पद्धतीत पहिल्या गटात फक्त क, म, र, ब आणि काना. तेवढ्यावर मामा, काका, राम, मका वाचता येतात. माझा कौल यालाच. पुढच्या गटात व, ड आणि वेलांटी आली की दुकानावरची 'बाकरवडी' ही पाटी मूल स्वतः वाचतं, आणि तेव्हाचा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. 'च' मात्र जपून शिकवा. चमच्यातला च वेगळा, चिमणीतला वेगळा. दोन्ही मोठ्यानं म्हणून दाखवा, मुलालाही म्हणू द्या. तक्ता भिंतीवर लावा की, पण दोन-तीन गट पक्के झाल्यावर.