आरजीबी, सीएमवायके की पँटोन? प्रेसला फाईल देण्याआधी वाचा

फराळाचा नाहीतर साड्यांचा घरगुती ब्रँड काढलाय, लोगो भाच्याने कॅनव्हावर करून दिलाय, आणि नौपाड्यातला प्रेसवाला विचारतोय की फाईल सीएमवायकेमध्ये आहे ना. ठाण्यात सणासुदीच्या आधी हा प्रश्न कोणापुढे तरी येतोच. ठरलेलं उत्तर असं की स्क्रीनला आरजीबी, प्रिंटला सीएमवायके, विषय संपला. पण ते अर्धंच खरं आहे, कारण प्रिंट म्हणजे कुठल्या मशीनवर, हे कोणी विचारतच नाही.

बेसिक पटकन सांगतो. आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा प्रकाश, प्रत्येकी ० ते २५५, तिन्ही फुल केले की पांढरा. सीएमवायके म्हणजे शाई: सायन, मजेंटा, पिवळा, काळा, ० ते १०० टक्के, इथे पांढरा म्हणजे कोरा कागद आणि शाई वाढेल तसा रंग गडद. पहिल्या तिन्ही शाया शंभर टक्के टाकल्या तरी स्वच्छ काळा येत नाही, मळकट चॉकलेटी येतो, म्हणून चौथी काळी.

खरा झगडा रेंजचा आहे. स्क्रीनवर दिसणारे बरेच झगझगीत रंग चार शायांतून निघतच नाहीत, आणि नेमके आपले सणाचे रंगच त्यात अडकतात. मोबाईलवर पेटलेला भगवा आर्ट पेपरवर बसका दिसतो, पोपटी मरगळतो, आणि एकदम शुद्ध निळा, म्हणजे ०-०-२५५ वाला, तो तर सरळ जांभळ्याकडे जातो. राणी कलर त्यामानाने निभावून नेतो कारण मजेंटा शाईच त्याच्या जवळची, पिवळ्याचंही तसंच. तेव्हा लोगो अजून फायनल नसेल तर रंग निवडतानाच हे बघा, नंतर प्रेसवाल्याशी भांडून उपयोग नाही, शाईत नाही तो रंग तो तरी कुठून आणणार.

आता कुठे काय द्यायचं. इन्स्टा, व्हॉट्सअॅप, वेबसाईट, दुकानातला एलईडी डिस्प्ले यांना आरजीबी, त्यातही एसआरजीबी, म्हणजे आरजीबीचं ठरलेलं प्रमाण, जे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने काढलं आणि अजून सगळीकडे तेच चालतं. फोटो लॅबची प्रिंट? तिथेही साधारण एसआरजीबी जेपेग मागतात. घरचा इंकजेट? त्यालाही आरजीबीच द्या, बदल त्याचा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरचं सॉफ्टवेअर, करतो. जांभळी नाक्यावर हंडीला लागतात तसले मोठे फ्लेक्स सीएमवायके शाईतच छापले जातात, पण फाईल शेवटी मशीनच्या सॉफ्टवेअरमधून जाते आणि ते स्वतः बदल करू शकतं, त्यामुळे फ्लेक्सवाला मागेल तीच फाईल द्या आणि महत्त्वाचं असेल तर आधी छोटा तुकडा मारून घ्या.

ऑफसेटला, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट बनवून छापतात त्या मशीनला, मात्र सीएमवायकेच, आणि त्याचं मोठं कारण रंगापेक्षा काळी अक्षरं आहेत. आरजीबीतला काळा कन्व्हर्ट केला की तो बहुतेक वेळा चारही शायांचा मिळून बनतो. मोठ्या पट्ट्याला ते छान, खोल काळा येतो. पण बॉक्सच्या मागे घटक पदार्थ, एक्सपायरी असलं बारीक मॅटर असेल तर चार प्लेटी केसभर जरी सरकल्या तरी अक्षराला रंगीत सावली पडते, आणि देवनागरीत त्याचा जास्त त्रास, अनुस्वार भरून जातो, मात्रा आणि वेलांटी एकमेकांत घुसतात, रफारचं तर विचारूच नका. बारीक टेक्स्ट फक्त काळ्या शाईत ठेवायचं, के १००, म्हणजे काळी शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य, आणि हे आरजीबी फाईलमध्ये तुमच्या हातात राहत नाही.

तिसरा पर्याय पँटोन, १९६३ पासूनची सिस्टीम. यात रंग चार शायांच्या ठिपक्यांतून बनत नाही, किराणावाला मसाला मिसळून देतो तशी ठरलेल्या मापाने शाई आधीच मिसळून येते. ऑरेंज ०२१ सारखा भगवा सीएमवायकेत त्या जोमाने येत नाही, पँटोनमध्ये येतो. एक-दोन रंगांचाच बॉक्स असेल आणि दरवर्षी हजारोंनी छापायचा असेल तर हे घ्याच, दोन रंगांना प्लेटीही दोनच लागतात. फोटो असेल तर चार प्लेटी आल्याच, वर पँटोनची पाचवी, खर्च वाढतो. आणि शंभरेक व्हिजिटिंग कार्डं डिजिटल मशीनवर काढणार असाल तर पँटोन विसरा, तिथे टोनर, म्हणजे मशीनमधली रंगीत पावडर, त्या रंगाची नक्कल करतो फक्त.

माझं मत विचाराल तर मूळ डिझाईन आरजीबीतच सांभाळा आणि प्रेससाठी शेवटी वेगळी सीएमवायके कॉपी काढा. उलटं केलंत, म्हणजे सीएमवायकेतून परत आरजीबी, तर गेलेला झगझगीतपणा परत येत नाही. कॅनव्हाच्या फ्री व्हर्जनमध्ये सीएमवायके पीडीएफ निघत नाही, प्रो लागतं, नाहीतर प्रेसच्या डीटीपीवाल्याकडून कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये करून घ्या, पण मग भगव्याचे आकडे त्याला तोंडी सांगू नका, लिहून द्या, एम (मजेंटा) ६५ वाय (पिवळा) १०० पासून सुरू करा आणि प्रूफ, म्हणजे नमुना प्रिंट, बघून खालीवर करा. प्रूफ मागताना ज्या कागदावर माल छापायचाय त्यावरच मागा, कारण चकचकीत आर्ट पेपरवरचा रंग क्राफ्टच्या खाकी बॉक्सवर तसा येणारच नाही.